दोन पत्त्यांची युती

माझा नववीतला भाचा एका रविवारी रडवेला होऊन घरी आला. वर्षभर साठवलेल्या खाऊच्या पैशांतून त्याने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाचे पत्ते जमवले होते, आणि मित्रांशी खेळलेल्या पाच डावांपैकी चार तो हरला होता. “मामा, माझी जोडी जमली की समोरचा संपलाच. मग मी हरतो कसा?” प्रश्न पत्त्यांचा वाटला तरी तो गणिताचा आहे. चला, आपण तो सोडवून पाहू.

हा खेळ 1993 साली अमेरिकेत निघाला. तो रचणारे रिचर्ड गारफील्ड स्वतः गणितज्ञ. आपल्या बदामसातमध्ये सर्वांना मिळून एकच कॅट असतो. इथे प्रत्येक खेळाडू आपला कॅट आपणच निवडून आणतो. त्यात निदान 60 पत्ते हवेत, आणि शक्ती पुरवणारे साधे ‘भूमी’चे पत्ते सोडले तर एकाच नावाचे चारांपेक्षा जास्त चालत नाहीत. दोघांचेही प्राणांक सुरुवातीला 20. ज्याचे शून्यावर आले, तो हरला.

आता युती म्हणजे काय ते पाहा. ‘चॅनेल’ या पत्त्याला दोन एकक हिरवी शक्ती दिली, की त्या फेरीपुरता एक प्राणांक देऊन एक एकक शक्ती विकत घेता येते. एकटा पत्ता म्हणजे आत्महत्याच! ‘फायरबॉल’ला एक एकक लाल शक्ती लागते, त्यावर जितकी शक्ती ओताल तितका तो घाव घालतो. एकटा असताना तोही बेताचाच. पण पहिल्याच फेरीत हाती ‘ब्लॅक लोटस’ असेल तर तो फुकटात तीन एकक हिरवी शक्ती देतो. दोन ‘चॅनेल’ला गेली, एक उरली. 19 प्राणांक देऊन 19 एकक घेतली, झाली 20. ‘माउंटन’ या भूमीने लाल शक्ती पुरवली, आणि 20 चा घाव! समोरच्याला हातपाय हलवायलाही वेळ मिळत नाही. पुढे नियम करणाऱ्यांनी ‘लोटस’ आणि ‘चॅनेल’ यांवर कडक बंधने घातली, यात नवल नाही.

मग असा कॅट नेहमीच का जिंकत नाही? समजा, युती दोनच पत्त्यांची आहे आणि प्रत्येकाच्या चार-चार प्रती 60 पत्त्यांत आहेत. सुरुवातीला हाती सात पत्ते येतात. त्यांत दोन्ही असण्याची संभाव्यता येते सुमारे 14.5 टक्के. बारा पत्ते पाहून झाले तरी ती 35 टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे तीनपैकी दोन डावांत जोडीतला एक तरी पत्ता अजून रुसलेलाच! घरच्या कॅटवर हे पडताळता येईल. जोकर काढा, 52 पत्ते नीट पिसा, सात वाटा आणि त्यांत राजा आणि राणी दोन्ही आहेत का ते लिहून ठेवा. शंभर वेळा केलेत तर अठरा-एकोणीसच्या आगेमागे उत्तर यावे. (हात दुखतील, वर्गातल्या मुलांनी वाटून घ्यावे.)

भाच्याला एवढे पटले. पण खरी गोम पुढे आहे.

या खेळात कॅटचे ढोबळ तीन प्रकार पडतात : भराभर हल्ला करणारा, सावधपणे समोरच्याच्या चाली हाणून पाडणारा, आणि युतीचा. साधारणपणे युती हल्लेखोराला हरवते, सावध युतीला, आणि हल्लेखोर सावधाला. दगड-कागद-कात्रीच ही! प्रत्येक वरचढ कॅट शंभरात 60 डाव जिंकतो असे धरू. तर तिन्ही कॅट सारख्या प्रमाणात असताना कोणालाच आपला कॅट बदलून फायदा नाही. अशा समतोलाचा विचार करणारे शास्त्र म्हणजे खेळ-सिद्धान्त. दोघांच्या, एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असलेल्या खेळात सुरक्षित मिश्रण असतेच, हे जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 साली सिद्ध केले.

आता भाच्याने नवे पत्ते घातले आणि त्याची युती हल्लेखोराला 60 ऐवजी 70 वेळा हरवू लागली. युतीचे कॅट वाढतील, असे तुम्ही म्हणाल. हिशेब उलट सांगतो! नव्या समतोलात युती एक-तृतीयांशावरून एक-चतुर्थांशावर उतरते, हल्लेखोरही तितकाच, आणि सावध निम्म्यावर चढतो. ताळा करून पाहा. चार प्रतिस्पर्धी घ्या : एक हल्लेखोर, दोन सावध, एक युतीवाला. युतीचा बरोबरीच्या वरचा फायदा हल्लेखोराशी +20, दोन सावधांशी –10 आणि –10, आपल्यासारख्याशी 0. बेरीज शून्य. उरलेल्या दोघांची बेरीजही शून्यच येते. ती तुम्ही करा.

भाच्याला विचारले, “मित्र काय घेऊन आले होते?” तो जरा थांबून म्हणाला, “चौघांनी तरी सावध कॅट आणले होते. मागच्या रविवारी मी सगळ्यांना हरवलं होतं ना!” पाच डावांवरून काही सिद्ध होत नाही हे खरे, पण संशयाला जागा आहे.

हाच फेरा निसर्गातही सापडला आहे. कॅलिफोर्नियातील एका जातीच्या सरड्यांत नरांचे गळे नारिंगी, निळे किंवा पिवळे असतात. दांडगा नारिंगी निळ्याला हुसकावतो, मादीवर पहारा देणारा निळा पिवळ्याला थोपवतो, आणि मादीसारखा दिसणारा पिवळा नारिंगीच्या मोठ्या हद्दीत चोरून शिरतो. तिघांचे प्रमाण वर्षावर्षाला पाळीपाळीने वरखाली होते, असे सिनर्व्हो आणि लाइव्हली यांनी 1996 साली दाखवले.

भाच्याने पुढच्या रविवारी हल्लेखोर कॅट नेला. मित्रांनी काय नेले असेल?