डॅन्यूबवरचा साखळीपूल

बुडापेस्टला गेलात, तर डॅन्यूबचा काठ पायीच पाहावा. पश्चिमेला टेकड्यांवरचे बुडा आणि त्याचा राजवाडा; पूर्वेला सपाटीवरचे पेस्ट आणि त्याचे भव्य संसदभवन. मधली नदी मात्र एके काळी मोठी अवघड. होड्यांचा पूल हिवाळ्यात बर्फामुळे काढून ठेवावा लागे.

१८२० च्या डिसेंबरात इश्त्वान सेचेनी हा उमराव वडिलांच्या मृत्यूची वार्ता ऐकून निघाला आणि नदीकाठी आठवडाभर अडकून पडला, असे सांगतात. पुढे कायमचा पूल व्हावा, असा त्याने ध्यासच घेतला. आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रजाचा, देखरेख ॲडम क्लार्क या स्कॉटिश गृहस्थाची. आडनाव एक, नाते मात्र काही नाही! करमाफी भोगणाऱ्या उमरावांनाही इथे सामान्यांसारखाच टोल पडला; त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. १८४९ साली पूल खुला झाला, तेव्हा सेचेनी व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात होता. तेथून तो परतलाच नाही.

१९४५ च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवून दिला. बुडापेस्टकरांनी तो पुन्हा उभारला आणि २० नोव्हेंबर १९४९ रोजी, बरोबर शंभर वर्षे भरली त्याच दिवशी, खुला केला. शेजारचा एलिझाबेथ पूलही असाच पडला होता. तो १९६४ साली नव्या रूपात आला.

संध्याकाळी दिवे लागले, की पुलाच्या तोंडाशी बसलेल्या दगडी सिंहांजवळ घटकाभर थांबा. मग सावकाश पैलतीरी चालत जा. ज्याने पूल घडवला, त्याच्या नशिबी एवढे चालणे नव्हते.