पायाखालचं बघा, मग गाडी चालू करा



गेल्या आठवड्यात पहाटे धक्क्यावर बर्फ भरलेली एक पिकअप मागे घेताना थेट पाण्याच्या कडेपर्यंत आली. ब्रेकचं पेडल खाली जाईना. मागे क्रेट घेऊन दोन बायका उभ्या. चालकाने हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. बघितलं तर सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत येऊन पेडलखाली अडकलेली!

आपण लगेच म्हणतो, ब्रेक फेल. पण दोष कधी कधी पायाखालीच असतो. अमेरिकेत ऑगस्ट 2009 मध्ये एका लेक्सस गाडीत दुसऱ्याच मॉडेलचं मॅट घातलं होतं. त्यात ॲक्सिलरेटर अडकला आणि चार माणसं गेली. मग टोयोटा कंपनीने लाखो गाड्या दुरुस्तीला बोलावल्या. त्यात टॅकोमा आणि टुंड्रा ह्या पिकअपही होत्या. एप्रिल 2024 मध्ये टेस्लाने 3,878 सायबरट्रक बोलावले, कारण ॲक्सिलरेटरवरची पट्टी सरकून वर अडकू शकत होती.

आपल्याकडे तर ओले पाय, रेती आणि मासळीचं खारं पाणी रोजचंच. म्हणून एवढं करा:

1. चालकाच्या पायाशी एकच मॅट ठेवा, तेही घट्ट बसणारं. मॅटवर मॅट किंवा गोणपाट नको.
2. बाटली, चपला, दोरी तिथे ठेवू नका. गमबूट काढून, पाय पुसून बसा.
3. पेडलचं रबर झिजलं असेल तर लगेच बदला. ओला पाय सटकतो.
4. खाऱ्या पाण्याने गाडीखालचे ब्रेकचे पाईप गंजतात. गोड्या पाण्याने धुवा, मेकॅनिककडून तपासून घ्या.
5. ब्रेक ऑईल वेळेवर बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. मग चोर्ला घाट उतरताना तापून उकळलं की पेडल मऊ पडतं.
6. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. दोन-तीनदा ब्रेक मारला की पेडल दगडासारखं होतं. घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

ॲक्सिलरेटर अडकलाच तर वाकून हात घालू नका. ब्रेक जोरात दाबून धरा, पुन्हा पुन्हा सोडू नका. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा. चावी गाडी थांबल्यावरच बंद करा, नाहीतर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

मालकांनाही एक सांगणं. नवी बिनक्लचची गाडी घेतली तर चालकाला आधी मोकळ्या जागेत सवय करू द्या. 9 डिसेंबर 2024 ला मुंबईत कुर्ल्याला बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, माणसं मेली. चालकाला तशा गाडीची पुरेशी सवय नव्हती, असं तपासात पुढे आलं.

1 जून ते 31 जुलै समुद्रात बंदी असते, तेव्हा आपण होडी वर ओढून डागडुजी करतो. त्याच दिवसांत पिकअपही एकदा गॅरेजला दाखवा. दर्यावरून सुखरूप आलेला माणूस धक्क्यावरून घरीही सुखरूप पोचला पाहिजे.

आपला,
सचिव