बंपर कशाचा हवा : लोखंडाचा की अ‍ॅल्युमिनियमचा?

आपल्या जिल्ह्यात पिकअप ही नुसती गाडी नाही, तो एक चालता-बोलता धंदा आहे. पहाटे दूध, दुपारी खताच्या गोण्या आणि मार्केटच्या दिवशी घोडेगावला कांदा! माझ्या मामाचीही पिकअप आहे. तिचा पुढचा बंपर बदलायचा ठरला तेव्हा मामा म्हणाला, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग, लोखंडाचा भक्कम बसवू की अ‍ॅल्युमिनियमचा हलका?" प्रश्न साधा वाटला. पण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक उघडून बसले तर उत्तर भलतीकडेच निघालं.

आधी आकडे बघू. स्टीलची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७०. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ एक तृतीयांश वजनाचं. मग बंपरचं वजनही एक तृतीयांश होईल का? नाही! कारण स्टीलचा यंग्ज मॉड्युलस साधारण २१० गिगापास्कल आहे आणि अ‍ॅल्युमिनियमचा ७०. म्हणजे तेवढ्याच जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तिप्पट वाकतो. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. म्हणून ३ मि.मी. स्टीलइतका ताठपणा हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियम सुमारे ४.३ मि.मी. जाड घ्यावं लागतं. एक चौरस मीटर पत्र्याचं वजन मग स्टीलमध्ये साडेतेवीस किलो भरतं आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये पावणेबारा. थोडक्यात, बचत निम्म्याची. तीही काही कमी नाही.

वजनाने काय फरक पडतो? बंपर पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेला असतो. समजा बंपर ५० किलोचा आहे, पुढच्या अ‍ॅक्सलपासून ७५ सें.मी. पुढे आहे आणि व्हीलबेस ३ मीटर आहे. आता मोमेंट घ्या. पुढच्या अ‍ॅक्सलवर ५० नाही, ६२.५ किलो येतात आणि मागचा अ‍ॅक्सल १२.५ किलोने हलका होतो. हे लहान मुलांच्या सी-सॉसारखंच आहे. पुढची स्प्रिंग बसते, टायर लवकर झिजतात, स्टेअरिंग जड होतं. शिवाय ५० किलो म्हणजे कांद्याची एक गोणी! एकूण वजनाची मर्यादा तीच राहते, म्हणजे प्रत्येक खेपेला एक गोणी फुकट वाहायची.

इथपर्यंत अ‍ॅल्युमिनियम जिंकलं असं वाटेल. पण गाडी चालते नगर, नेवासे, राहुरीच्या रस्त्यांवर, पुस्तकात नाही. साधं स्टील कुठल्याही गावात आर्क वेल्डिंगवर जोडता येतं, ठोकून सरळ करता येतं. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो. तो वितळायला २,००० अंशांच्या वर तापमान लागतं आणि खालचा धातू मात्र ६६० अंशांनाच वितळतो! त्यामुळे टिग किंवा मिग मशीन, आर्गॉन गॅस आणि कसलेला कारागीर लागतो. ६०६१-टी६ या मिश्रधातूची ताकद साध्या स्टीलच्या तोडीची असते, पण वेल्डच्या आजूबाजूला ती जवळजवळ निम्मी होते. किंमतही किलोमागे कितीतरी जास्त. गंजाचं म्हणाल तर अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही हे खरं. पण आपला जिल्हा कोकणासारखा खाऱ्या हवेचा नाही, चांगला रंग मारला तर स्टील इथे वर्षानुवर्षं टिकतं. उलट स्टीलच्या चासीवर अ‍ॅल्युमिनियम थेट बोल्टने आवळलं तर ओलाव्यात गॅल्व्हानिक सेल तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं. मध्ये रबराचं वॉशर हवंच.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे "भक्कम" म्हणजे "सुरक्षित" असं समजतात. अडीच टनांची गाडी ताशी ४० कि.मी. वेगाने आदळली तर सुमारे १५४ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. पुढचा भाग अर्धा मीटर चेपला तर आतल्या माणसाला सुमारे १२ ते १३ जी इतका झटका बसतो. पुढचा भाग न वाकता फक्त २० सें.मी. चेपला तर तोच झटका ३१ जीच्या वर जातो! म्हणजे बंपर वाचतो आणि ड्रायव्हर मोडतो. चेपणं हे पत्र्याचं कामच आहे.

आणि समोरचा माणूस? निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आपल्या नगरवरूनच जाते. वारकरी रस्त्याच्या कडेने पायी चालतात. उसाच्या हंगामात बैलगाड्या असतात. पाइपचा गार्ड चेपत नाही, त्यामुळे धक्क्याचं सगळं बळ माणसाच्या पायावर, लहान मुलाच्या तर छातीवर येतं. तिथे धातू स्टील आहे की अ‍ॅल्युमिनियम, याने काहीच फरक पडत नाही.

म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. हे योग्यच आहे. आपल्या नगरजवळच डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे, तिथे गाड्यांच्या चाचण्या होतात. चाचणीला गाडी जशी होती, त्याच रूपाचा तो दाखला असतो. नंतर आपण काय जोडलं, त्याची चाचणी कोणीच केलेली नसते.

मग मामाला काय सांगितलं? धातूच्या आधी आकार बघ. मूळ बंपरच्याच मापाचा, मूळ बोल्टांवर बसणारा, पातळ प्रेस केलेल्या पत्र्याचा बंपर घे. असा बंपर आपल्याकडे स्टीलचाच सहज मिळतो, स्वस्त पडतो आणि गावात दुरुस्त होतो. पाइप जोडू नकोस. उरलेल्या पैशात चांगले टायर आणि मागे रिफ्लेक्टर लाव.

मामा म्हणाला, "पण गाडी रुबाबदार दिसणार नाही." मी म्हटलं, "मामा, रुबाब ब्रेकमध्ये असू दे!"