पानातला उजेड जातो कोठे?

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य पसरले आहे. तेथील हिरव्या पानावर ऊन पडते, त्या उन्हाचे पुढे काय होते?

पान स्पिरिटमध्ये ठेचून तो अर्क अतिनील दिव्याखाली धरला तर तांबडा चमकतो. हरितद्रव्याचा रेणू प्रकाश शोषून उद्दीपित होतो, ही अवस्था सेकंदाचे पाच-सहा अब्जांश टिकते, आणि शोषलेल्यापैकी शेकडा तीसच्या आसपास भाग प्रकाश होऊन परततो. जिवंत पानात मात्र जेमतेम एक-दोन! कारण तेथे ही ऊर्जा रेणूकडून रेणूकडे सरकत कामाच्या ठिकाणी पोचते. अशा भटक्या ऊर्जेची कल्पना फ्रेंकेल या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३१ साली मांडली. तिला 'एक्साइटॉन' म्हणतात.

हीच युक्ती माणसाला साधेल काय? धातूचे सांधे आणि कार्बनी रेणूंच्या काठ्या यांची जाळीदार रचना उभारणाऱ्या कितागावा, रॉबसन व याघी यांना २०२५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रचनांचे काही नॅनोमीटर जाडीचे पापुद्रेही करता येतात. एका मिलिमीटरात दहा लक्ष नॅनोमीटर असतात, हे ध्यानात घ्यावे.

पापुद्राच का हवा? गर्दीच्या लोकलमधून अंधेरीला उतरायचे तर आधीच दाराशी यावे लागते. कार्बनी पदार्थांत एक्साइटॉनची मजल साधारणतः दहाएक नॅनोमीटरांची. पदार्थ जाड असला तर तो वाटेतच विझतो. पापुद्र्यात प्रत्येक उतारू दाराशीच उभा असतो.

धातूची निवडही महत्त्वाची. हरितद्रव्यातील वलयाच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. तशाच वलयात जस्त बसविले तरी ते चमकते, पण रक्तातील हीममध्ये लोह असते आणि तेथे उद्दीपित अवस्था चटकन मावळते. रेणू फार चिकटले तरी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. म्हणून सांध्यांनी त्यांना नेमक्या अंतरावर धरावे लागते.

अडचण एवढीच की एक पापुद्रा प्रकाश थोडाच शोषतो. तेव्हा अनेक रचावे लागतात, आणि रचताना पुन्हा दाटीचे भय! पानाने हा पेच केव्हाच सोडविला आहे. त्याच्या हरितकणांत पातळ पटलांच्या चळती रचलेल्या असतात आणि रेणूंना प्रथिने जागच्या जागी धरून ठेवतात. सूर्यप्रकाशापासून वीज व इंधन मिळवू पाहणाऱ्या आपल्याला अजून या पानाकडून पुष्कळ शिकायचे आहे.