न्यूट्रिनोचे वजन

पेठहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव गाठा, उजवीकडे वळा. खोडदच्या शिवारात ४५ मीटर रुंदीच्या तबकड्या दिसतील. दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचे रेडिओ-संकेत त्या टिपतात. अशा संकेतांतून न्यूट्रिनो या अतिहलक्या कणाचेही वजन काढता येईल.

कसे? खळ्यावरची उफणणी आठवा. दाणा पायाशी पडतो, भुसा उडून जातो. विश्वातही द्रव्याच्या राशी जमल्या, त्यांतून दीर्घिकांचे पुंजके झाले. वेगवान न्यूट्रिनो मात्र राशीत थांबलेच नाहीत. त्यांचे वजन जितके अधिक, तितक्या राशी तोकड्या! त्यांना वजन आहे, हे १९९८ साली कळले. किती, हे अजून ठरलेले नाही. दीर्घिकांच्या नकाशांवरून मांडलेला हिशेब एवढेच सांगतो, की तिन्ही जाती मिळूनही इलेक्ट्रॉनच्या सुमारे चाळीस लाखाव्या हिश्श्याहून कमी. हायड्रोजनचा नकाशा विस्तारला, की हा काटा आणखी बारीक होईल.