रस्त्याच्या कापणीतले गोल दगड



मनमाडच्या बाजूला पाण्याची ओढ किती, ते तुम्हांला सांगायला नको. विहिरीला खर्च मोठा, आणि जागा मात्र बहुधा अंदाजाने ठरते. म्हणून शिवारालगत रस्त्यासाठी दरड कापली असेल, तर तिथे जरा थांबून बघा. जमिनीच्या पोटातले थर फुकटात उघडे पडलेले असतात.

दरडीत गोल दगडांचा पट्टा दिसला की लोक म्हणतात, इथून पूर्वी नदी वाहत होती. नेहमीच तसे नसते. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो जागच्या जागी कुजतो तेव्हा कोपरे झिजून गोल गड्डे राहतात. हातोडीने ठोका. कांद्यासारखे पापुद्रे सुटले आणि भोवती नुसता मुरूमच असला, तर तो नदीचा गोटा नव्हे.

नदीच्या गोट्यांत काळा दगड, लालसर दगड, गारगोटी अशी सरमिसळ असते, मधे वाळू असते. चपटे दगड कौलांसारखे एकमेकांवर रेललेले दिसतात. त्यांची खालची कड ज्या बाजूला, तिकडून पाणी येत असे. आज पांझण किंवा तुमचा ओढा दूर आणि खाली असला, तरी एके काळी पात्र इथेच होते असे समजावे. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदाकाठच्या अशा जुन्या थरांत नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष मिळाले, तर नाशिकजवळ गंगापूरला आदिमानवाची दगडी हत्यारे. तसे काही दिसले तर उकरू नका, तहसील कचेरीत कळवा.

आता पाण्याचे. गोट्यांच्या फटींत पाणी साठते. थर तुमच्या शेताखाली उतरत गेला असेल तर विहिरीला जागा चांगली. पण तो उंचावर राहिला असेल तर पाणी दरडीतून गळून जाते. पौष-माघात जाऊन थराच्या बुडाशी ओल आहे का बघा. चुनखडीने सांधून गोटे दगडासारखे घट्ट झाले असतील, तर फार आशा धरू नये. खात्रीसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या नाशिक कार्यालयात विचारावे.

हाच थर भरावासाठी विकणारेही आहेत. दोन पैसे मिळतात, शेजारच्या विहिरीचे पाणी जाते.

आणि अशा थरात विहीर घेतलीत तर बांधकाम लांबवू नका. सुटे गोटे पहिल्याच पावसात ढासळतात. बांधताना पाझराला भोके मात्र ठेवा.