चमच्याच्या मागे खरवडलेली अक्षरं

बर्मिंगहॅमच्या जुन्या बाजारात २०१२ साली मी चांदीचा एक चमचा घेतला. दांड्याच्या टोकाला फुलीसारख्या दोन बंदुका, मध्ये निशाण्याची चकती. जहाजाच्या नांगराची खूण म्हणजे इथला हॉलमार्क आणि शेजारचं अक्षर म्हणजे साल, एवढं विकणाऱ्याने सांगितलं. घरी येऊन, दिवाळीला देवाची भांडी घासावीत तसा मी तो लखलखीत केला. मागच्या बाजूला कुणीतरी टोकदार वस्तूने खरवडलेली अक्षरं होती, ती निम्मी त्यातच गेली.

असे चमचे नेमबाजी क्लबात स्पर्धेचं बक्षीस म्हणून मिळत, हे नंतर कळलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमापुढे ब्रिटिश फौजेची फजिती झाली. त्या धसक्यातून सामान्य माणसांना नेमबाजी शिकवण्यासाठी १९०१ मध्ये ‘सोसायटी ऑफ वर्किंग मेन्स रायफल क्लब्ज’ उभी राहिली; तिचीच पुढे ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ झाली. त्या युद्धातले ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स तिच्या पाठीशी होते. पॉइंट टू-टू काडतूस स्वस्त, त्याला जागाही कमी लागते. २५ यार्डांची लांबी मिळाली की झालं. सामने टपालानेही होत. आपापल्या गावात कार्डावर गोळ्या झाडायच्या आणि कार्डं गुण मोजायला पाठवायची. १९०९ पासूनचा ड्यूअर सामना तर ब्रिटन आणि अमेरिका आपापल्या देशात राहूनच खेळत आले : प्रत्येकी २० गोळ्या ५० यार्डांवर, २० शंभरावर.

बंदूक मी कधी घेतली नाही. तिला पोलिसांचा परवाना लागतो. जमवलं ते भोवतालचं : पार्कर-हेलची नेम धरायची साइट, चामडी पट्टे, पदकं, गुणांच्या वह्या. २०१६ मध्ये एक लाकडी पेटी मिळाली. झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने २५, ५० आणि १०० यार्डांसाठी साइट किती फिरवायची ते आकडे होते. ५०चा आकडा दोनदा खोडून सुधारलेला. कोपऱ्यात ‘ई. एम.’ माझ्या वहीत मी नोंद केली : ‘श्री. ई. एम.’

तीन वर्षं या श्रीयुतांना शोधलं. ग्रंथालयात ‘द रायफलमन’चे जुने अंक चाळले, स्थानिक वर्तमानपत्रांतले क्लबांचे निकाल पाहिले. माणूस सापडेना. मग पेटी जिच्याकडून घेतली होती, त्या बाईंकडे त्याच घरातलं एक पदक निघालं. कडेला कोरलं होतं : ‘मिस ई. एम.’ मी पुन्हा तेच अंक काढले. नाव महिला संघांच्या यादीत होतं. ती पानं मी दर वेळी न वाचताच उलटली होती.

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. ब्रिटिश नेमबाजीतलं सर्वांत मानाचं ‘किंग्ज प्राइझ’ १९३० मध्ये बिस्लीच्या नेमबाजी मैदानावर मार्जोरी फॉस्टर यांनी जिंकलं; ते जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तिथे विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवतात. फॉस्टर यांना तसं मिरवतानाचा फोटो माझ्या संग्रहात पेटीच्याही आधीपासून होता.

त्यानंतर मी सगळी वही पुन्हा तपासली. आणखी दोन ‘श्री.’ खोडावे लागले. आता मालकाच्या रकान्यात फक्त आद्याक्षरं लिहितो, पुढचं पुरावा मिळाल्यावर. आणि चांदी काळी पडली तरी घासत नाही.